अभ्यासवृत्ती तलाठ्याला आणि टॅक्सीवाल्यालाही मिळावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकऱ्या जाणार की राहणार, मोबाइलमुळे मुले बिघडतात की हुशार होतात, यावर आपल्या दैनिकात हल्ली दर आठवड्याला काही ना काही छापून येते. लिहिणारे बहुतेक प्राध्यापक, नाहीतर संगणक क्षेत्रातली मंडळी. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांच्या टेबलावर, होडीत किंवा गाडीत हे तंत्रज्ञान येऊन बसले, त्यांच्यापैकी कोणी लिहिताना दिसत नाही. आठ तासांची नोकरी, वर घरचे व्याप, लिहिणार कधी? म्हणून माझी सूचना अशी, की तंत्रज्ञानाचा समाजावर काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी नोकरी-धंद्यातल्या माणसांना वर्षभराची अभ्यासवृत्ती गोव्याने सुरू करावी, आणि ती देताना पदव्या मोजत बसू नये.

मी सरकारी भूमापक होतो. प्लेन टेबल आणि साखळी घेऊन रान तुडवण्यापासून टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र, जीपीएसपर्यंत सगळे हाताळून निवृत्त झालो. या काळात मोजणीची अचूकता किती वाढली हे कोणीही सांगेल. पण शेताच्या बांधावर आणखीही काही बदलले, ते कागदावर कुठेच आलेले नाही.

पूर्वी शीम, म्हणजे जमिनीची हद्द, दाखवायला गावातला एखादा जाणता म्हातारा सोबत यायचा. तो काठीने गवत बाजूला सारून दगड दाखवी, हा दगड कोणाच्या आजोबांनी पुरला तेही सांगे. दोन्ही बाजूंचे लोक कुरकुरत का होईना, मान्य करत. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत चित्र पालटले. दोघे भाऊ वाटणीवरून भांडत होते. थोरला दगडापाशी उभा, धाकटा सात-आठ पावलांवर मोबाइल धरून. "सायब, मोबायलार पळयात, शीम हांगा आसा." (साहेब, मोबाइलवर पाहा, हद्द इथे आहे.) पडद्यावर उपग्रहाचे छायाचित्र, त्यावर रेघ आणि रेघेवर त्याचा निळा ठिपका. वर काजूची दाट झाडी. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या फोनचा ठिपका चार-पाच मीटर इकडे-तिकडे होतो, झाडाखाली तर विचारूच नका. बांधाची रुंदी मात्र हातभर. मी दोघांनाही हे समजावले. थोरल्याला पटले, धाकट्याला शेवटपर्यंत नाही. ज्यांना विचारायचे ते काका सोप्यावर बसून होते, त्यांना कोणी बोलावलेच नाही.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा दाखला, आणि नकाशा घरबसल्या दिसू लागला, ही सोय मोठीच. उताऱ्यासाठी मामलेदार कचेरीत घातलेले हेलपाटे ज्यांना आठवतात, ते पुन्हा तसे दिवस मागणार नाहीत, मीही नाही. पण त्याच काळात गोव्यात जमिनी हडपण्याचे प्रकार इतके गाजले, की 2022 साली विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. परदेशात गेलेल्या किंवा मागे वारस न राहिलेल्या मालकांच्या जमिनी खोट्या कागदांवर उचलल्या गेल्या. फसवणुकीचा मूळ कागद बहुधा जुना, पोर्तुगीज काळातला म्हणून दाखवलेला. मालक दूर आहे आणि जमीन ओस पडली आहे, हे हेरणे आता किती सोपे झाले आहे, हा प्रश्न पोलिसांच्या आरोपपत्रात मावत नाही. तो अभ्यासाचा विषय आहे. तो करायला देस्क्रिसांव आणि मातृस ही पोर्तुगीज काळातली जमिनीची दप्तरे, एक-चौदा, त्यातला 'इतर हक्क'चा रकाना हे सगळे तळहातासारखे ठाऊक असलेला माणूस लागतो. असे लोक उपनिबंधक कार्यालयात आहेत, तालुक्याच्या कचेऱ्यांत आहेत. त्यांना बसून विचार करायला एक वर्ष देणारा कोणी नाही.

बाहेर ही पद्धत जुनी आहे. एका वृत्तपत्राच्या संस्थापकाच्या विधवेने, ॲग्नेस नीमन यांनी, हार्वर्ड विद्यापीठाला पैसा ठेवला आणि 1938 साली नीमन फेलोशिप सुरू झाली. नोकरीतल्या पत्रकाराने वर्षभर विद्यापीठात यावे, हव्या त्या वर्गात बसावे, परीक्षा नाही, पदवी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत 1983 पासून विज्ञान पत्रकारांसाठी अशीच सोय आहे. इंटरनेट आणि समाज हाच विषय धरून हार्वर्डचे बर्कमन क्लाइन केंद्र आणि न्यूयॉर्कची डेटा अँड सोसायटी ही संस्था वकील, अभियंते, पत्रकार, कार्यकर्ते यांना फेलो म्हणून बोलावत आली आहेत. आपल्याकडेही मुळीच काही नाही असे नव्हे. होमी भाभा फेलोशिप ही चांगली प्रथा आहे. श्याम बेनेगल आणि गिरीश कार्नाड यांना ती ऐन उमेदीत मिळाली होती. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची ज्येष्ठ अभ्यासवृत्ती आहे, दरमहा वीस हजारांची. तेवढ्यावर संसारी माणूस नोकरी सोडून अभ्यास करील हे मंत्रालयाला कोणी सांगितले कोण जाणे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अभ्यासवृत्ती सदतीस हजारांची आहे, पण तिला वयाची अट तिशीच्या आसपास. आमच्यासारख्यांना विषय कळू लागतो तो पन्नाशीत.

गोव्यात तर याला घरचाच आधार आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 साली गोव्यात जन्मले, पेशाने गणिती. नाणी हातोहात फिरून झिजतात, तेव्हा त्यांचे वजन घेऊन काळ काढता येईल, हे त्यांच्यातल्या गणितीला सुचले आणि आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाची रीतच बदलली. इतिहासाची पदवी मागितली असती तर ते दारातच अडले असते. त्यांच्या नावाचे अध्यासन ताळगाव पठारावरील आपल्या विद्यापीठात आहे. बाहेरून नामवंत येतात, व्याख्याने देतात आणि ती सर्वांना खुली असतात. मीही जाऊन बसलो आहे, ऐकून आनंदच झाला. पण तो पाहुण्यांचा कार्यक्रम झाला. घरच्या माणसाला खुर्ची देण्याचा विचार त्यात नाही.

पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांसाठी एक माहिती. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा रजा नियम, 1972 लागू आहेत. पाच वर्षे नोकरी झालेल्याला त्यांत अध्ययन रजा मिळू शकते: एका वेळी साधारण बारा महिने, सगळ्या नोकरीत मिळून चोवीस. देशात राहून अभ्यास केला तर पगार पूर्ण, आणि परत आल्यावर तीन वर्षे नोकरी करण्याचा करार. रोजच्या कामाशी थेट संबंध नसलेला, पण कर्मचाऱ्याची दृष्टी रुंदावणारा अभ्याससुद्धा या नियमांत बसतो. व्यवहारात ही रजा घेतात ते बहुतेक डॉक्टर, पदव्युत्तर शिक्षणासाठी. पंचायत सचिवाने किंवा तलाठ्याने अर्ज केला तर वरचा अधिकारी त्याला चहा पाजून परत पाठवील. म्हणजे सरकारी माणसासाठी नवा खर्च जवळजवळ नाहीच, हवे आहे ते विद्यापीठाचे बोलावणे आणि खातेप्रमुखाचे मन.

खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वर्तणूक नियम, 1964 प्रमाणे सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नसते. मग ज्या संगणक प्रणालीने काम अडते, तिच्यावर तो वर्षभर अभ्यास करून लिहिणार काय? 'प्रणाली उत्तम आहे, प्रशिक्षण वाढवावे.' असले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत, दोन-तीन टंकून घ्यायला मदतही केली आहे. तेव्हा फेलोशिपच्या काळातले लिखाण या नियमातून मोकळे करावे, खात्याची आकडेवारी पाहण्याची मुभा लेखी द्यावी आणि अहवाल खात्याला आवडो न आवडो, मराठीत किंवा कोकणीत पूर्ण छापावा. एवढे जमणार नसेल तर योजना सुरूच करू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

सरकारी नसलेल्यांसाठी मात्र रोख पैसा लागेल. 2018 मध्ये टॅक्सी बोलावण्याचे गोवा माइल्स ॲप आले, तेव्हापासून टॅक्सीवाल्यांचे बंद, मोर्चे, बैठका आपण पाहतो आहोत. ॲपवाले म्हणतात ग्राहकाला रास्त भाडे, टॅक्सीवाले म्हणतात पोटावर पाय. हॉटेलाबाहेरच्या स्टँडवर पाळीने भाडे घेण्याची जी रीत होती, आजारी पडलेल्या सोबत्याची पाळी सांभाळण्याची, नव्या गाडीच्या हप्त्याला हात देण्याची, तिचे पुढे काय झाले हे स्टँडवर वीस वर्षे काढलेलाच लिहू शकेल. त्याला महिन्याला गाडीचा हप्ता आणि घरखर्च निघेल इतके द्या, लिहायला मदतीला एक एमएचा विद्यार्थी द्या. मोटरसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्या पायलटांचेही तसेच. एकेकाळी अकरावीच्या मुलांना घरी संगणक देणाऱ्या सायबरएज योजनेतली मुले आज चाळिशीला टेकली आहेत. त्या संगणकांनी घराघरांत काय केले, हा विषय त्यांना तेव्हा शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला द्यावा.

वेळीच न पाहण्याची किंमत गोव्याने एकदा मोजली आहे. मुक्तीनंतर सरकारी मदतीने ट्रॉलर आले, मासळीचे उत्पादन वाढणार म्हणून. किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, म्हणजे रापणकारांच्या, जाळ्यात काय उरले, हे विचारायला कोणी गेले नाही. सत्तरच्या दशकात त्यांचे नेते माथानी साल्ढाणा आणि रापणकार रस्त्यावर उतरले, समुद्रात मारामाऱ्या झाल्या, तेव्हा कुठे 1980 साली सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यावर रोज मासळीचे मोजमाप घेणारा एखादा निरीक्षक हे आधीच सांगू शकला असता. त्याच्या वहीत ते असणारच.

आता थोडे आपल्याकडे. गोव्यातल्या मराठी दैनिकांतले वार्ताहर तालुक्याच्या बातम्यांपासून जाहिरातींपर्यंत सगळे सांभाळतात, हे आम्हा वाचकांना दिसते. नीमनबाईंनी पैसा ठेवला तो मुळात अशांसाठीच. विद्यापीठाने उद्या अशी योजना काढली, तर आपण आपला एक वार्ताहर वर्षभर, निदान सहा महिने, पगार चालू ठेवून सोडाल का? उत्तर याच सदरात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूमापक, डिचोली