गुळगुळीत काचेला एक तरी उंचवटा ठेवा

महोदय,

सणासुदीला आपल्या अंकात इंडक्शन शेगड्या आणि मायक्रोवेव्हच्या पानभर जाहिराती येतात. काळी कुळकुळीत काच, बोट टेकवले की काम सुरू. ज्याला नीट दिसत नाही त्याने ती वापरायची कशी, हे मात्र कुठेच नसते.

मी गिरगावात बरीच वर्षे पोळी-भाजी केंद्र चालवले. आता काचबिंदूने बाजूची नजर गेली, समोरचे तेवढे दिसते, तेही धूसर. संधिवाताने बोटांची मूठ वळत नाही. तरी घरचा स्वयंपाक माझ्याकडेच आहे. सून "राहू द्या आई" म्हणते, पण आमटी माझ्याच हातची लागते सगळ्यांना.

गॅसचे मला काही वाटत नाही. बटण दाबून फिरवले की मोठा कुठे, बारीक कुठे, हे मनगटाला कळते. कुकर तर शिट्टीवरच चालतो. साध्या इलेक्ट्रिक राइस कुकरला एकच खटका असतो. पाणी आटले की भांड्याचा बूड १०० अंशांच्या वर तापतो आणि खटका खट्कन आपोआप उडतो. बघावे लागतच नाही. विळीला लोक भितात, पण तिचे पाते जागचे हलत नाही, ते कुठे आहे हे हाताला पाठ असते. सुरी दुखऱ्या मुठीत धरायची आणि शिवाय तिच्यावर नजरही ठेवायची!

इंडक्शनची गोष्ट वेगळी. बटण चाचपडायला गेले की भलतेच चालू होते. बोट ओले असले तर ऐकत नाही, दूध उतू गेले तर टँव टँव करून बंद पडते. मी आधी काचेवर टिकल्या लावल्या, त्या तेलकट हाताने निघाल्या. मग कडेच्या पट्टीवर, 'बंद'च्या बरोबर खाली, एम-सीलची बारीक गोळी चिकटवली. आता गोळी सापडली की बोट सरळ वर सरकवते. अहो, ही गोळी कारखान्यातच साच्यात बसवायला काय हरकत आहे?

दादरच्या एका दुकानात बटणांची शेगडी मागितली, तर "आजी, तो जुना माल" असे उत्तर मिळाले. खोक्यातली काढून, वीज जोडून हात लावू द्यायलाही पोरगा तयार नव्हता.

हे केवळ म्हाताऱ्यांचे चोचले नाहीत. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी संधिवात असलेल्या पत्नीची अडचण पाहून जाड, मऊ मुठीची सोलाणी काढली. १९९० मध्ये ती बाजारात आली आणि धडधाकट हातांनीही आवडीने घेतली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत यासाठी सरकारने पावले उचलावीत, असे त्याचे कलम ४२ सांगते. कलम ४३ इतर ग्राहकोपयोगी वस्तूंबद्दल तेच म्हणते. मग दुकानात त्याचा मागमूस का नाही? विजेच्या बचतीचे तारे चिकटवता येतात, तशी हाताला सोपी असल्याची खूणही चिकटवता येईल.

ती ठरवायला माणसे मुंबईतच आहेत. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, वरळीला अंधांसाठी काम करणारी 'नॅब' आहे. नवा नमुना बाजारात आणण्याआधी कंपन्यांनी तो तिथे येणाऱ्यांच्या हातात द्यावा आणि चहा करून दाखवा म्हणावे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर खोक्यावर वॅट छापतात तितक्याच ठळकपणे 'बटणाची' की 'टचची' हे मराठीत छापावे आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही लिहावे. फोटोत दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, आणि माझ्यासारखीला उघडलेले खोके परत पाठवायचे म्हणजे नातवाची सुट्टी होईपर्यंत थांबावे लागते.

– एक निवृत्त पोळी-भाजी केंद्रचालिका, गिरगाव, मुंबई