बर्फावरचा तंबू घेताना आधी झरोके पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या पालकांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात कॅनडातील गोठलेल्या तलावांवर मासे गरवण्याच्या छंदाची ओळख मोठ्या रसाळपणे करून दिली आहे. लेखाच्या बहुतेक भागाविषयी माझी काहीच तक्रार नाही. मात्र शेवटी फिरत्या तंबूच्या खरेदीविषयी दिलेला सल्ला, म्हणजे तंबू शक्य तितका मोठा, शक्य तितका स्वस्त आणि शक्य तितका बंदिस्त घ्यावा, हा तिन्ही अंगांनी चुकीचा असून त्यातले तिसरे अंग तर जिवावर बेतणारे आहे, म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले.

मी माशेलचा रहिवासी. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी गरी टाकून बसण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. तिथे पाऊस आला तर डोक्यावर ताडपत्री ओढावी आणि मगरींवर एक डोळा ठेवावा, याहून अधिक बंदोबस्त मला कधी करावा लागला नाही. मुलगा ओंटारिओ प्रांतातील बॅरी शहरात राहत असल्याने सिमको तलावावर दोन हिवाळे काढण्याचा योग आला आणि तंबू ही वस्तू किती विचार करून घ्यावी लागते, ते तिथे उमजले.

तंबू मुळात कशासाठी लागतो, हे आधी ध्यानात घ्यावे. उणे १५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २६ अंशांसारखी जाणवते, आणि गोठलेल्या तलावावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, भिंत नाही, बांध नाही. तेव्हा तंबूचे पहिले काम वारा अडवणे हे असते आणि ऊब ही त्यानंतरची गोष्ट असते. ज्याला हा क्रम कळला, तो दुकानात शिरल्यावर प्रथम कापड चिमटीत धरून पाहतो, शिवण तपासतो, वारा आत शिरू नये म्हणून खालच्या कडेला जोडलेली झालर पुरेशी रुंद आहे की नाही ते बघतो, आणि मग किमतीकडे वळतो.

आता आकाराचे पाहू. तंबूच्या पिशवीवर लिहिलेला माणसांचा आकडा हा खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसांचा असतो. जाड कपड्यांनी दुप्पट फुगलेली माणसे, खुर्च्या, हीटर, बर्फाला पाडलेली भोके आणि माशांची बादली एवढे सगळे आत मावायचे असेल, तर तो आकडा निम्मा धरावा, म्हणजे दोघांसाठी चौघांचा तंबू घ्यावा. पण म्हणून सहाजणांचा किंवा आठजणांचा घेऊ नये. जागा जितकी मोठी, तितकी ती तापायला वेळ आणि इंधन अधिक लागते, आणि वाऱ्यालाही तितकेच मोठे शीड मिळते. शिवाय ओंटारिओतील एक नियम लेखकाच्या नजरेतून सुटलेला दिसतो. त्या प्रांताच्या ज्या भागांत बर्फावरील झोपड्यांची नोंदणी करून बाहेर ठळक क्रमांक रंगवावा लागतो, तिथे कापडी तंबूंना त्यातून सूट आहे, पण ती तंबूचे तळक्षेत्र ७ चौरस मीटर किंवा त्याहून कमी असेल तरच. आठ फूट लांब आणि आठ फूट रुंद तंबू या सवलतीत सहज बसतो. त्याहून बराच मोठा तंबू घेणाऱ्या पाहुण्याने नोंदणीची विचारपूस आधी करावी, हे बरे.

प्रकार ढोबळमानाने दोन. एकाला तिथे हब म्हणतात. त्याच्या प्रत्येक भिंतीच्या आणि छताच्या मध्यभागी छत्रीच्या काड्यांसारखी रचना असते आणि मधला पट्टा धरून बाहेर ओढला की ती बाजू ताठ उभी राहते. दुसरा फ्लिप-ओव्हर, म्हणजे स्लेजवर (बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर) आसने आणि कापडाची कमान आधीच बसवलेली. बैलगाडीवर ताटी पालथी घालावी तशी ती कमान मागून पुढे ओढून घेतली की माणूस झाकला जातो. हब वजनाने हलका असतो, दोघा-तिघांचा अस्तराचा तंबू सुमारे १४ किलोंचा भरतो आणि लांबट पिशवीत घालून खांद्याला लावता येतो. दोन आसनांचा फ्लिप-ओव्हर ४० किलोंच्या पुढे जातो, पण सगळे सामान त्याच्याच स्लेजमध्ये राहते आणि जागा बदलायला मिनिटभरही लागत नाही.

यातला कोणता घ्यावा, हे माशावरून ठरते, आणि लेखात नेमके हेच कुठे आलेले नाही. सिमकोमधला यलो पर्च हा थव्याने फिरणारा मासा आहे. थवा पुढे सरकला की गरी टाकणाऱ्यालाही उठून नवे भोक पाडावे लागते, आणि अशा माणसाला फ्लिप-ओव्हरच सोयीचा. व्हाइटफिश किंवा लेक ट्राउटच्या मागे असणारा मात्र सिमकोच्याच केम्पेनफेल्ट उपसागरासारख्या खोल पाण्यावर एकाच ठिकाणी तासन्‌तास वाट पाहतो, आणि तिथे हबची ऐसपैस जागा उपयोगी पडते. मानशीवर, म्हणजे खाजणाच्या बांधाच्या दारावर, उभे राहून शेवटे मासे पकडणारा आणि नदीच्या डोहात चोणक माशासाठी रात्र काढणारा ही आपल्याकडेही दोन वेगळ्या जातीची माणसे असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. साठी ओलांडलेल्या पाहुण्यासाठी मी हबच सुचवीन, कारण ४० किलोंची स्लेज बर्फावरून ओढणे हे यंत्राचे किंवा तरण्या माणसाचे काम आहे.

स्वस्ताईविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्या हिवाळ्यात मुलाने एका परिचिताकडून सहाजणांचा तंबू मागून आणला होता, एकेरी कापडाचा. हीटर लावल्यावर आमच्या श्वासाची आणि भोकांतल्या पाण्याची वाफ छताला धरली, प्रथम तिचे दव झाले आणि दुपारपर्यंत आमच्या डोक्यांवर आषाढातल्या जुन्या कौलारू घरासारखी गळती सुरू झाली. अंगावरचे लोकरी कपडे ओले होणे म्हणजे उणे १५ अंशांत काय, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. दोन कापडांच्या मध्ये अस्तर घालून रजईसारखा शिवलेला तंबू काहीसा महाग आणि जड असतो हे खरे, पण त्याचे आतले कापड तितके थंड राहत नसल्यामुळे दव पुष्कळ कमी धरते आणि इंधनही वाचते. तिथे पैसे वाचवू नयेत.

आता मुख्य मुद्दा. बंदिस्त तंबू म्हणजे चांगला तंबू, ही लेखकाची समजूत कोकण-गोव्याच्या माणसाला पटकन पटण्यासारखी आहे, कारण थंडीशी आपला संबंधच येत नाही आणि फट दिसली की बोळा कोंबावा एवढेच आपल्याला सुचते. परंतु या तंबूंत जो हीटर लावतात, तो प्रोपेन वायूवर जळतो आणि ज्या हवेत आपण श्वास घेतो, तीच हवा जाळतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे प्रवासाचा शीण किंवा थंडीचा त्रास म्हणून सहज दुर्लक्षिली जातात, आणि नेमक्या याच तक्रारी नवख्या पाहुण्याच्या तोंडी नाहीतरी असतातच. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहोत. हा त्यातलाच प्रकार, फक्त भिंतींच्या जागी कापड.

म्हणून तंबू घेताना त्याला किमान दोन झरोके आहेत ना, आणि त्यांतला एक वर व एक खाली आहे ना, हे पाहावे. खालून ताजी हवा आत येते, वरून तापलेली बाहेर जाते. खालचा झरोका नसेल, तर दाराची चेन तळाशी वीतभर उघडी ठेवावी. झालरीवर बर्फ लोटताना खालचा झरोका बुजतो आणि वरच्या झरोक्यावर हिमकण साचून तो आपोआप मिटतो, त्यामुळे अधूनमधून दोन्ही तपासावे लागतात. बऱ्याच हीटरना प्राणवायू कमी झाल्यास आपोआप विझण्याची सोय असते, पण ती सोय प्राणवायू मोजते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, हे विक्रेते क्वचितच स्पष्ट करून सांगतात. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा-यंत्र तंबूच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो तंबूच्याच खरेदीत धरावा, आणि कापड आगीला चटकन न पेटणारे आहे असा उल्लेख लेबलवर आहे की नाही, तेही पाहून घ्यावे.

राहिला प्रश्न तंबू रोवण्याचा. आम्ही तो मागून आणलेला तंबू आधी पूर्ण उघडला आणि मग खुंटे शोधू लागलो, तेवढ्यात एक झोत आला आणि तंबू पतंगासारखा भेलकांडत शंभरेक पावले गेला. त्याच्यामागे धावणाऱ्या माझ्या व्याह्यांना पाहून आजूबाजूचे कॅनेडियन फार हसले. योग्य रीत अशी की, वाऱ्याकडच्या बाजूचा पेचाचा खुंटा बर्फात आधी पिळून बसवावा, त्याला दोरी बांधावी आणि मग एकेक भिंत उघडावी. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येईल असे बघावे. खुंटे तंबूबरोबर किती येतात, आणि बॅटरीवरच्या ड्रिलने ते पिळता येतील असा जोड मिळतो का, हे दुकानातच विचारावे, कारण हातमोजे घालून खुंटा पिळणे हे दिव्य आहे. झालरीवर कोरडा बर्फ टाकावा. ओला चिखलासारखा बर्फ टाकला, तर संध्याकाळी झालर तलावाला चिकटलेली असते आणि ती खणून काढताना फाटते.

रंगाविषयी एवढेच सांगतो की, आतून काळा तंबू नवख्याला उदास वाटला तरी तो घ्यावा. आत अंधार असला की भोकातून वर येणाऱ्या हिरवट उजेडात उथळ पाण्यातला मासा गळाजवळ येताना डोळ्यांनी दिसतो, आणि तो देखावा पाहून मी तासभर गरी हलवायचेही विसरलो होतो. बाहेरून मात्र त्यावर उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात, कारण रात्री बर्फावरून स्नोमोबाइल भरधाव धावतात.

तंबू कितीही उत्तम असला, तरी त्याच्याखालचा बर्फ पुरेसा हवा. पायी चालण्यासाठी नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड असावा असे तिथे मानतात, आणि पांढरा, हिममिश्रित बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरतात. वाहत्या पाण्याच्या तोंडाशी आणि भेगांजवळ हा हिशेबही चालत नाही. आमिष विकणाऱ्या स्थानिक दुकानदाराला विचारल्याशिवाय तंबू गाडीतून खाली उतरवू नये.

जानेवारीत सिमकोवर बर्फ धरतो, आणि आपल्याकडून जाणारे पालक बहुधा डिसेंबरातच विमानात बसतात. तेव्हा त्याआधीच्या एखाद्या रविवारी, निदान बंदिस्त तंबूविषयीचे ते एक वाक्य तरी आपण पुरवणीत दुरुस्त करून छापावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना वाचक,
माशेल, गोवा