तोफगोळ्याला पैसे आहेत, भाड्याला नाहीत: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

कारखान्यातून दारूगोळा उचलून कोठारात पोचवणाऱ्या गाड्यांची थकलेली बिले 31 मार्चच्या आत निघतील, असे आपल्या खात्यातल्या एका कार्यालयाने सांगितले होते. मार्च संपला, उत्तर आले: निधी उपलब्ध नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत.

गोम कुठे आहे ते आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे, तरी लिहितो. गोळा विकत घ्यायचा पैसा लष्कराच्या महसुली खर्चात 110 म्हणजे 'भांडार' या शीर्षाखाली. तो हलवायचा पैसा 105, 'वाहतूक'. याच 105 मधून जवानांचा बदलीप्रवास आणि रेल्वेभाडेही जाते. गोळ्यांची मागणी दुप्पट झाली म्हणून 105 आपोआप वाढत नाही. कारखाना नेटाने माल काढतो, तपासणी होऊन लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, पास होतो आणि तिथेच बसतो.

155 मिमी तोफेचा एक गोळा सुमारे 43 किलोचा. 9 टनांच्या गाडीत नुसत्या वजनाने दोनशेच्या आसपास, पॅलेट धरले की आणखी कमी. बरे, नुसत्या गोळ्याने तोफ उडत नाही. गोळा फेकणाऱ्या दारूच्या, म्हणजे प्रोपेलंटच्या पिशव्या वेगळ्या, गोळा फोडणारा फ्यूज वेगळा, दारू पेटवणारा प्रायमर वेगळा. स्फोटकांच्या वर्गवारीत बी गटातला डिटोनेटरवाला फ्यूज डी गटातल्या गोळ्यासोबत एका गाडीत घालायचा नसतो. भाडे एकाच गाडीचे मंजूर झाले की गोळे कोठारात, फ्यूज कारखान्यात. अहवालात मात्र 'पुरवठा झाला'!

माल पडून राहिला तर काय बिघडते? आवारात स्फोटक दारू 8 पट साठली की वस्तीपासूनचे सुरक्षित अंतर दुप्पट लागते. कारखान्याची भिंत तर सरकत नाही. साठ्याची मर्यादा भरली की गोळ्यांत दारू भरणेच थांबवावे लागते. चांदा कारखाना आहे त्या भद्रावतीच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, ताडपत्रीखाली त्याहून जास्त. प्रोपेलंटमधला स्टॅबिलायझर, म्हणजे दारू टिकवणारा घटक, उष्णतेत झपाट्याने खर्ची पडतो, म्हणजे गोळा डागायच्या आधीच त्याचे आयुष्य कमी झाले. भद्रावती ते पुलगावचे कोठार हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, हो!

आणि भाडे म्हणजे नुसते डिझेल नव्हे. पेटी हलू नये म्हणून लाकडी ठोकळे आणि पाचरी, लोखंडी तळावर फळ्या, सायलेन्सरला ठिणगीरोधक, अग्निशामक, एस्कॉर्ट, गावाबाहेरचे थांबे. गेटवर गाडी अडकली की हॉल्टिंग, म्हणजे उभ्या गाडीचे भाडे. दर ठरवताना यातले अर्धे कोणाच्या ध्यानातच नसते. मग सर्वात कमी बोलीवाला ठोकळ्यांत वाचवतो आणि पेट्या वळणावर सरकतात. चालकाला पगार नाही, हमालाला मजुरी नाही, मालकाचा हप्ता तुंबलेला. आणि चुकले तर गुन्हा यांच्यावरच.

पुलगावला 31 मे 2016 च्या आगीत 19 जण गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला जुन्या दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना आणखी 6, त्यांत ठेकेदाराची माणसे. सदोष लॉट वेळेवर परत न्यायलाही गाडीच लागते, तिचे पैसे कोण देणार? 2015 च्या कॅग अहवालात 170 पैकी निम्म्या प्रकारांच्या दारूगोळ्याचा साठा युद्धात 10 दिवसही पुरणारा नव्हता. लक्ष्य होते 40 दिवस. तेव्हा कारखान्यांना दोष दिला गेला. 2021 मध्ये 41 कारखान्यांच्या 7 कंपन्या झाल्या. आता अंबाझरी कारखान्याचा रिकामा गोळा भरायला चांद्याला निघाला की दोन कंपन्यांचा व्यवहार होतो. कार्यक्षमता म्हणतात ती हीच असावी.

2025-26 चा संरक्षण अर्थसंकल्प 6.81 लाख कोटींचा. प्रदर्शनांच्या मंडपाला कधी 'निधी उपलब्ध नाही' ऐकू आले नाही. पण भाड्याची वेळ आली की फाइलवर शेरा, शेऱ्यावर शेरा, आणि 31 मार्चला कुठेतरी न खर्चलेले पैसे परत.

मागणी एवढीच: मालाची ऑर्डर निघतानाच कोठाराच्या दारापर्यंतचे भाडे, ठोकळे, एस्कॉर्ट आणि हॉल्टिंग त्याच मंजुरीत धरा, फ्यूज आणि प्रोपेलंटच्या वेगळ्या गाड्यांसकट. थकबाकी व्याजासह द्या. आणि हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुन्हा त्याच कार्यालयाकडे पाठवू नका. तिथले उत्तर आमच्याकडे आधीच आहे.

आपले,
दारूगोळा वाहतुकीतले काही वाहनमालक, चालक व हमाल