धागा तुटला की थांबणारा माग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटाचा मोटारीचा कारखाना येणार म्हटल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. नातू आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा गेली दहा वर्षं कोल्हापूर-पुणे इनोव्हा चालवतो. मी स्वतः आधी परळच्या एका गिरणीत आणि 1982 च्या संपानंतर इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखरेख करणारा, म्हणून हयात घालवली. कारखान्याबद्दल तुमच्या पेपरात आतापर्यंत जे आलं ते कोटींचं आणि एकरांचं आलं. 20,000 कोटींची गुंतवणूक, हजारो रोजगार. ते वाचून आनंदच झाला. पण या कंपनीचं नाव जगात कशामुळे झालं आणि मध्यंतरी त्या नावाला बट्टा कशानं लागला, हे कुणी लिहिलं नाही. ते मागावर काम केलेल्या माणसाला चटकन कळतं, कारण टोयोटा ही मुळात मागवाल्याची कंपनी आहे.

तो मागवाला म्हणजे साकिची टोयोदा. तो 1867 साली जपानमध्ये आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात सुताराच्या घरी जन्मला. गावातल्या बायका दिवसभर हातमागावर राबायच्या, ते बघत तो मोठा झाला. 1891 साली त्यानं एका हातानं चालवता येईल अशा लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं. 1896 मध्ये त्याचा यंत्रमाग आला आणि त्यात एक गोष्ट अशी होती, जी मला आजही सगळ्यांत मोठी वाटते. मागाच्या या टोकापासून त्या टोकाला धावणाऱ्या धोट्यातला आडवा धागा तुटला किंवा संपला की तो माग आपोआप थांबायचा. (आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो 1904 साली, म्हणजे त्यानंतर आठच वर्षांनी.) पुढं 1924 साली साकिची आणि त्याचा मुलगा किइचिरो यांनी 'टाईप जी' नावाचा माग काढला. धोट्यातली सुताची कांडी संपत आली की चालत्या मागातच नवा धोटा आत जायचा, वेग कमी न होता. उभ्या ताण्यातली एक तार तुटली तरी माग उभा राहायचा. त्यामुळे एक बाई तीस ते पन्नास माग सांभाळू शकायची. एकेका मागावर नजर लावून बसायची गरजच उरली नाही. जो माग थांबेल तिकडं जायचं.

ज्यांनी शेड आतून बघितली नाही त्यांना सांगतो. साध्या मागाला हे कळत नाही. उभी तार तुटली तरी तो ठोकतच राहतो. पाच मिनिटं कामगाराचं लक्ष नसलं तर कापडात उभी झिरी पडते आणि ती कितीही धुतलं तरी जात नाही. चोवीस मागांच्या शेडमध्ये इतका आवाज असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आम्ही ओठांवरून ओळखायचो. पण एक माग थांबला तर ते कानाला लगेच कळतं. तेवढी एक ठोक त्या गलक्यातून वजा झालेली असते. माझे कान आता अधू झालेत, तरी तो फरक अजून आठवतो.

साकिचीच्या या मागाची कीर्ती अशी पसरली की ज्या इंग्रजांकडून सगळं जग यंत्रं घेत होतं त्यांनीच तो मागितला. 1929 साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क एक लाख पौंडांना घ्यायचा करार केला. मुंबईच्या गिरण्यांत काम केलेल्यांना प्लॅट हे नाव वेगळं सांगायला नको. आमच्या सूतखात्यात यंत्राच्या ओतीव लोखंडावर ते उठवलेलं होतं आणि रोज सकाळी डबा ठेवताना माझी नजर त्यावर जायची. त्या प्लॅटनी जपानच्या सुताराच्या पोराकडून माग घेतला, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

त्याच मागाच्या कारखान्यात किइचिरोनं 1933 साली मोटारीचा विभाग सुरू केला. 1935 साली पहिला ट्रक निघाला. तो लोकांना दाखवायला टोकियोला नेताना वाटेतच मोडला. विकलेले ट्रकही वारंवार बंद पडायचे आणि कंपनीची माणसं जागेवर जाऊन ते दुरुस्त करायची. 1937 साली मोटारीची स्वतंत्र कंपनी झाली. 1957 साली क्राऊन गाडी अमेरिकेत नेली, तर तिथल्या लांब रस्त्यांवर ती दमून जायची. शेवटी माघार घ्यावी लागली. म्हणजे टोयोटाचं नाव काही जन्मजात मोठं नव्हतं. 1950 साली तर कंपनी बुडायच्या बेतात होती. कुणालाही काढणार नाही, असा शब्द किइचिरोनं दिला होता. तो पाळता आला नाही, संप झाला, हजाराच्या वर माणसांना कंपनी सोडावी लागली आणि त्या जूनमध्ये किइचिरोनं जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. दोन वर्षांनी तो वारला. मी 1982 चा संप अंगावर घेतलेला माणूस आहे. आमच्यापैकी किती जण गावाकडे परतले आणि किती जण भिवंडी-मालेगावला गेले ते मी बघितलंय. त्या वेळी कुणी मालक खुर्चीवरून उठल्याचं मला आठवत नाही. म्हणून किइचिरोबद्दल मला आदर वाटतो.

नाव झालं ते त्यानंतर, आणि ते तायइची ओनो यांच्यामुळे. ओनो मोटारीचे इंजिनिअर म्हणून आलेलेच नव्हते. 1932 साली ते टोयोदांच्या सूतगिरणीत लागले आणि 1943 मध्ये मोटारीकडे आले. येताना धागा तुटल्यावर थांबणारा माग डोक्यात घेऊन आले. गाड्यांच्या जुळणीच्या रांगेत त्यांनी तेच लावलं. रांगेवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं दिसलं तर त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची. वर दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, आणि ठरल्या वेळात दुरुस्ती झाली नाही तर रांग उभी राहते. दुसऱ्या कारखान्यांत रांग थांबवणं म्हणजे गुन्हा होता, इथं ते कर्तव्य ठरलं. चूक जिथं झाली तिथंच थांबली पाहिजे, पुढं जाता कामा नये. मुलाची इनोव्हा साडेचार लाख किलोमीटर चालली, अजून घाटात हूं की चूं करत नाही. मला विचाराल तर त्याचं कारण ती दोरी आहे.

आता दुसरी बाजू लिहितो, कारण ती लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

1994 च्या सुमाराची गोष्ट. मी ज्या शेडमध्ये होतो तिथं एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर होती आणि सहा दिवसांत माल द्यायचा होता. आमच्या मागांना आडवा धागा तुटला की थांबवणारा काटा होता. मजुरी मीटरवर होती. माग थांबला की कामगाराचे पैसे थांबायचे आणि मालकाची तारीख हुकायची. तिसऱ्या रात्री मी फेरीला गेलो तर एका मागाचा तो काटा तारेनं बांधून ठेवलेला दिसला. कांडीचा मोडका तुकडा खाली पाचरीसारखा ठोकला होता. शेजारच्या दोन मागांनाही तसंच. माग आता कशानंच थांबणार नव्हता. मी कामगाराकडे बघितलं, त्यानं दिवाणजीच्या टेबलाकडे बघितलं. मी पुढं गेलो. तार सोडायचं काम माझं होतं आणि मी ती सोडली नाही. चारशे मीटर कापड परत आलं. पंधरा दिवसांची मजुरी कापली गेली ती त्या कामगाराची. त्याच्या घरी त्या वेळी बाळंतीण होती. तीस वर्षं झाली, ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

डिसेंबर 2023 मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दायहात्सू कंपनीचा चौकशी अहवाल आला, तेव्हा मला तो काटाच आठवला. 64 मॉडेलांच्या चाचण्यांत 174 गैरप्रकार नव्यानं सापडले, त्यातला सर्वांत जुना 1989 चा. एका प्रकारात धडकेच्या चाचणीत एअरबॅग सेन्सरनं उघडायला हवी होती, ती टायमर लावून उघडली. काटा बांधून ठेवण्यात आणि यात फरक काय? कारणही तेच निघालं. गाडी अमुक तारखेला बाजारात आलीच पाहिजे, वेळापत्रक अतिशय घट्ट, आणि खालच्या माणसाला 'होत नाही' म्हणायची सोय नाही.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2024 मध्ये, टोयोटा इंडस्ट्रीजचं प्रकरण बाहेर आलं. ते मला सर्वांत जास्त लागलं, कारण टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे साकिचीचा तोच मागाचा कारखाना. डिझेल इंजिनाची ताकद मोजताना त्यांनी विक्रीच्या गाडीत नसलेलं सॉफ्टवेअर वापरलं, म्हणजे आकडे एकसारखे दिसावेत. आपल्याकडेही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबली. विकलेल्या गाड्यांचं इंजिन मानकात बसतं असं कंपनीनं सांगितलं आणि मुलाच्या गाडीत मला काही खोट दिसलेली नाही. पण तो दोन दिवस गप्प होता. गाडीच्या हप्त्यावर घर चालतं त्या माणसाचा विश्वास हा काही जाहिरातीचा विषय नसतो.

जून 2024 मध्ये खुद्द टोयोटाच्या सात मॉडेलांच्या चाचण्यांत गडबड निघाली आणि अध्यक्ष अकियो टोयोदा यांनी लोकांसमोर वाकून माफी मागितली. काही चाचण्या नियमापेक्षा कडक केल्या होत्या, 1,100 किलोऐवजी 1,800 किलोची ट्रॉली आदळली होती, असं कंपनीनं सांगितलं. ते मी मानतो. पण माप सरकारनं ठरवलंय, ते आपल्या सोयीनं बदललं की पुढच्या वेळी कुठल्या बाजूला बदललं जाईल हे कोण सांगणार? याच अकियोंनी 2010 साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं होतं की माणसं तयार व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेगानं आमची वाढ झाली. त्या आधीच्या वर्षी कॅलिफोर्नियात पायपुसणीखाली अॅक्सिलरेटर अडकून चौघांचा जीव गेला होता. ग्राहकांना दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून 2014 मध्ये कंपनीला 120 कोटी डॉलर भरावे लागले. इतकं होऊनही पुन्हा तेच का व्हावं?

आणि संपादक महाशय, ही तारीख बघा. जपानच्या परिवहन मंत्रालयानं टोयोटाला सुधारणेचा आदेश दिला तो 31 जुलै 2024 रोजी. महाराष्ट्र सरकारनं बिडकीनच्या कारखान्याचा सामंजस्य करार केला तोही 31 जुलै 2024 रोजीच. आपल्या पेपरांत दुसरी बातमी पहिल्या पानावर आली. पहिली मला मुलाच्या फोनवर मिळाली.

मी कारखान्याच्या विरोधात नाही. तो यावा, लवकर यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. टोयोटा इथं किर्लोस्करांबरोबर आली याचाही मला अभिमान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर साकिचीहून दोनच वर्षांनी लहान. बेळगावात सायकली दुरुस्त करता करता लोखंडी नांगरापर्यंत गेलेला माणूस, ज्यानं 1910 साली माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. दोन्ही घराण्यांचं भारतात आधी जुळलं तेही सूतगिरणीच्या यंत्रांसाठी, मोटारीची कंपनी त्यानंतर 1997 ची.

म्हणूनच सरकारनं आणि कंपनीनं दोन गोष्टी आताच, पायाभरणीच्या फोटोंआधी, लिहून जाहीर कराव्यात. कर्नाटकात बिडदीला कंपनीनं 2007 पासून खेड्यातल्या गरीब मुलांसाठी तीन वर्षांची निवासी प्रशिक्षण संस्था चालवली आहे. तशीच संस्था पैठण, गंगापूर, बीड, जालना इकडच्या मुलांसाठी बिडकीनला कारखान्याच्या आधी सुरू करावी, मागाहून नको. दुसरं, दोरी ओढायचा हक्क कंत्राटी पोरालाही तितकाच असेल आणि ओढली म्हणून त्याचं कंत्राट तुटणार नाही, हे करारात घालावं. बिडदीला 2020 च्या नोव्हेंबरात कामगारांचं आंदोलन होऊन टाळेबंदी झाली होती आणि कामाचा ताण ही त्यातली मुख्य तक्रार होती. ज्याला मिनिटाचाही उसंत नाही आणि उद्या काम असेल की नाही याची खात्री नाही, तो पोरगा दोरीला हात लावत नाही. मी चोवीस मागांच्या शेडमध्ये हे बघितलंय. कायम नोकरीत असलेल्या जॉबरनंसुद्धा हात लावला नव्हता.

परवा रात्री नातवाला हे सगळं सांगत होतो. तो म्हणाला, "आजोबा, मी दोरी ओढली आणि साहेब ओरडला तर?" मी त्याला, ओढच, असं म्हणालो. पण त्याच्या पाठीशी कोण उभं राहील, ते मला सांगता आलं नाही. आपल्या वार्ताहरानं हा प्रश्न उद्योगमंत्र्यांना आणि कंपनीला विचारावा आणि त्यांचं उत्तर छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
इचलकरंजी