फाशातून भूप उतरतो, पण तक्ता हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

यंत्राच्या संगीताची चर्चा हल्ली ‘बटण दाबले की गाणे तयार’ एवढ्यावरच थांबते, याचे वाईट वाटते. नियम आणि योगायोग यांतून सुरावट काढण्याची विद्या खूप जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे ५०४० प्रस्तार (स्वरांच्या वेगवेगळ्या मांडण्या) क्रमाने मांडण्याची रीत दिली. अमुक क्रमांकाचा प्रस्तार कोणता हे ‘नष्ट’, आणि दिलेला प्रस्तार कितवा हे ‘उद्दिष्ट’. दोन्ही ‘खंडमेरू’ या आकड्यांच्या तक्त्यावरून काढता येतात. हा सरळसरळ अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने उत्तर काढण्याची कृती आहे.

दादर-गिरगावच्या संगीतवर्गांनी मुलांकडून नियम आणि योगायोगाचा हा खेळ एका फाशावर करून घ्यावा. भूप रागाचे पाच स्वर (षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत) घ्या. नुसते आकडे देऊन फासा टाकला तर भूप उमटत नाही, कारण देसकार रागातही तेच पाच स्वर आहेत. म्हणून कोणत्या स्वरानंतर कोणता, याचा तक्ता करा. पंचमाच्या ओळीत सहापैकी तीन दाने गंधाराला, दोन धैवताला, एक पंचमालाच. गंधाराच्या ओळीत तीन रिषभाला, दोन पंचमाला, एक गंधारालाच. देसकार हवा असेल तर धैवताची दाने वाढवा, रिषभाची कमी करा. रागाचा चेहरा या वाटणीत असतो आणि मुलांना तो इथे स्वतःच्या हाताने घडवता येतो.

दोन फासे घेतले तर सावध राहावे. बेरीज सात येण्याच्या वाटा ३६ पैकी सहा, दोन किंवा बाराची प्रत्येकी एकच. म्हणून मुख्य स्वर सातावर ठेवावा. मागचे दोन स्वर पाहून पुढचा ठरवायचा तर तक्त्याच्या ओळी पाचाच्या २५ होतात, आणि त्या दोन-तीन बंदिशींवरून भरल्या तर फासा त्याच बंदिशी परत गातो.

फाशाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळत नाही. सोळा मात्रांच्या तीनतालात पहिल्या सहा मात्रा फाशावर सोडा. मग तीन मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा विश्रांती, अशा ११ मात्रा सातवीपासून उचलल्या की शेवटचा स्वर बरोबर पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो.

प्रत्येक दान वहीत टिपावे, संगणकावर केले तर ‘सीड’चा, म्हणजे संगणक ज्यावरून दाने काढू लागतो तो सुरुवातीचा आकडा लिहून ठेवावा. नाहीतर सुंदर उतरलेली ओळ पुन्हा सापडत नाही.

– एक संगीतशिक्षक, गिरगाव, मुंबई