सही झाल्यावर बोलून काय उपयोग?

प्रिय समीर,

पत्र मिळालं. मतदानाच्या हक्काबद्दल कंपनीनं जाहीर भूमिका घ्यायची ठरवलं आणि मसुदा तुझ्या गळ्यात पडला, तर लिहायला बसण्याआधी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 2021 साली काय झालं ते तारखांसकट बघून घे.

एसबी 202 (सिनेट बिल 202) हे मतदानाचे नियम बदलणारं विधेयक मुळात दोन-तीन पानांचं. 17 मार्चला समितीत त्याचं नव्वदहून अधिक पानांचं बाड झालं. 25 मार्चला प्रतिनिधिगृहाची मंजुरी, सिनेटची मान्यता आणि गव्हर्नर ब्रायन केम्प यांची सही, सगळं एकाच दिवशी उरकलं. पूर्ण मजकूर दिसल्यापासून सहीपर्यंत हातात होते फक्त आठ दिवस. तिथल्याच डेल्टा या विमान कंपनीचं निवेदन आलं 26 तारखेला, आणि त्यातही सूर असा की विधेयक बरंच सुधारलं आहे. 31 मार्चला केनेथ शेनॉल्ट आणि केनेथ फ्रेझियर यांच्या पुढाकारानं 72 कृष्णवर्णीय उद्योगधुरीणांचं पत्र छापून आलं. त्याच दिवशी डेल्टाचे प्रमुख एड बास्टियन यांनी तोच कायदा अस्वीकारार्ह ठरवला. कोका-कोलाचे प्रमुखही बोलले. चिडलेल्या प्रतिनिधिगृहानं डेल्टाची विमान-इंधनावरची करसवलत काढायला मत दिलं. सिनेटनं ते हाती घेतलं नाही म्हणून सवलत वाचली. दोन्ही बाजूंचा रोष पदरात पडला आणि कायद्यातला स्वल्पविरामही हलला नाही.

बदल झाला तो त्याआधी. सुरुवातीच्या मसुद्यांत रविवारच्या आगाऊ मतदानावर कात्री होती. कृष्णवर्णीय चर्चमध्ये प्रार्थना आटोपली की तिथूनच लोक एकत्र मतदानाला जातात, त्यावरच हा घाव होता. चर्च आणि स्थानिक संघटनांनी मसुदा चर्चेत असतानाच जोर लावला आणि ते कलम गळालं. कंपन्यांनी नंतर सांगितलं की आम्हीही पडद्यामागे बोललो होतो. मला हे पुरेसं वाटत नाही. ज्या आठवड्यात मजकूर बदलू शकतो, त्याच आठवड्यात नावानिशी बोलायला हवं.

दुसरी गोष्ट, कलम स्वतः वाच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडनसुद्धा म्हणाले की या कायद्यानं मतदान पाचला बंद होईल. प्रत्यक्षात मतदानाच्या दिवसाची सात ते सात ही वेळ तशीच होती. नऊ ते पाच ही आगाऊ मतदानाची किमान वेळ, आणि काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) ती सात ते सातपर्यंत वाढवता येते. अशी एक चूक सापडली की विरोधकांना बाकीचं खोडून काढावं लागत नाही. खरी बोचणारी कलमं वेगळीच होती. टपाली मतपत्रिकेचा अर्ज आधी 180 दिवस अगोदर करता यायचा, तो 78 दिवसांवर आला, आणि शेवटची मुदत मतदानाच्या 11 दिवस आधी. टपाली मतपत्रिका टाकायच्या पेट्या आगाऊ मतदान केंद्राच्या आत आणि केंद्र उघडं असेल तेवढाच वेळ, म्हणजे रात्रपाळी करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. केंद्रापासून 150 फुटांच्या आत किंवा रांगेतल्या मतदारापासून 25 फुटांच्या आत कुणी पाणी वाटलं तर 2021 च्या त्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला होता. कर्मचाऱ्यांनी पाणी ठेवलं आणि मतदारानं स्वतः घेतलं तर चालतं. हे फूट आणि दिवस निवेदनात आले पाहिजेत. 'लोकशाहीवर आमचा विश्वास आहे' एवढ्यानं कुणाचं काही अडत नाही.

बहिष्काराच्या वाटेला जाऊ नका. बेसबॉलची ऑल-स्टार लढत 2 एप्रिलला अटलांटातून काढली आणि पुढे डेन्व्हरला झाली. मतदानाच्या हक्कासाठी झटणाऱ्या जॉर्जियातल्या नेत्या स्टेसी अब्राम्स यांनीही नाराजी व्यक्त केली, कारण फटका तिथल्याच लोकांना बसणार होता. 2025 मध्ये ती लढत अटलांटाला झाली. कायदा तेव्हाही होताच.

तुमच्याकडे एखादा नावाजलेला चेहरा असेल, तर त्याच्या तोंडी मत घालू नका, काम द्या. 2024 मध्ये टेलर स्विफ्टनं सरकारी मतदार-नोंदणीच्या संकेतस्थळाचा दुवा दिला आणि चोवीस तासांत चार लाखांहून अधिक लोक तिथे पोचले. भेटी म्हणजे नोंदणी नव्हे, हे मात्र अहवालात स्पष्ट लिही. 2020 मध्ये अटलांटाच्या बास्केटबॉल संघाचं मैदानच आगाऊ मतदानासाठी उघडलं होतं. ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या दुकानसाखळीनं मतदान केंद्रावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या दिवसाचा पगार दिला. निवेदनाच्या शेवटी असं एखादं कलम टाक: किती जणांना, कोणत्या तारखेला, भरपगारी. वरिष्ठ हेच आधी खोडतील, तेव्हा अडून बस.

मसुदा झाला की विधेयकाची ताजी प्रत जोडून पाठव. कलमं मी ताडून बघतो.

तुझा,
अनिरुद्ध