लौकिक पूर्वजांचा, हॉलला मात्र कुलूप

महोदय,

नाताळ तोंडावर आला की नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, बातम्या आपल्या अंकात येतात. रोषणाई, गव्हाणीचे देखावे, गाणी. त्या जरूर याव्यात. पण आमच्यातल्याच कोणीतरी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी, म्हणून हे पत्र.

आमच्या मंडळीचा शतकमहोत्सव थाटात झाला. स्मरणिका निघाली, शाली-श्रीफळे दिली गेली. प्रत्येक भाषणात जुना इतिहास होता: 1831 साली नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. हे सगळे खरे आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. माझ्या घरातल्या बायका त्याच परंपरेमुळे लिहायला-वाचायला शिकल्या.

पण आमच्या चर्चच्या कुंपणाला लागूनच दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. नवरा-बायको पहाटे अंधारात फडावर जातात, मुले मागे राहतात. गावाकडची शाळा सुटलेली, इथल्या शाळेत नाव नाही. आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई रोज संध्याकाळी तिथे जातात. एकदा मी सोबत गेले होते. एका लहान मुलीच्या तळहातात पाचटाचे कूस मोडले होते. आईने मोबाइलचा उजेड धरला होता आणि बाई पोत्यावर बसून, सुई तापवून, ते कूस हळूहळू काढत होत्या. मुलगी रडू नये म्हणून तिच्याकडून पाढे म्हणवून घेत होत्या. तिला बेचा पाढासुद्धा पुरता येत नव्हता.

त्यावरूनच बाईंनी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीकडे चर्चचा हॉल मागितला, संध्याकाळचे दोन तास, या मुलांना शिकवण्यासाठी. उत्तर मिळाले की फरशी नवी आहे, आणि ती मुले आपल्या सभासदांची नाहीत. तिसरे कारणही सांगितले गेले: धर्मांतराचा ठपका येईल. ही भीती खोटी नाही, आजच्या दिवसांत मी ती समजू शकते. पण त्यावर उपाय आहे. पहिल्या दोन कारणांवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, फक्त दुःख आहे. तोच हॉल लग्नांना भाड्याने जातो. कमिटीत दोन गट आहेत, धर्मादाय आयुक्तांकडे एकमेकांच्या चेंज रिपोर्टला (विश्वस्त बदलल्याच्या नोंदीला) हरकती घेतल्या जातात, आणि रविवारच्या अर्पणातला पैसा वकिलांच्या फीमध्ये जातो.

बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात सार्दीस (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन शहर) इथल्या मंडळीला लिहिलेले पत्र आहे. जिवंत म्हणून तुझा लौकिक आहे, पण तू मेलेला आहेस, असे प्रभू तिला सांगतो. त्या पत्रात छळाचा उल्लेख नाही, खोट्या शिकवणीचाही नाही. बाहेरून कोणी काही केलेले नव्हते, आतले आतच विझले होते. त्या पत्रातले ‘जागा हो’ हे शब्द तिथल्या लोकांना नेमके लागले असतील. सार्दीसचा किल्ला उंच कड्यावर होता. इथून कोण चढणार, म्हणून एका बाजूला पहाराच ठेवला नाही, आणि नेमके तिथूनच इराणचा राजा सायरस याचे सैनिक आत आले. काही शतकांनी तिसरा अँटिओकस या ग्रीक वंशाच्या राजाच्या वेळीही तसेच झाले. नावावर विसंबून राहिलेल्या त्या गावात थोडी माणसे मात्र निष्कलंक राहिली होती, असेही ते पत्र सांगते. आमच्यातही अशी आहेत. त्यांची नावे स्मरणिकेत नाहीत.

ज्यांची छायाचित्रे आम्ही भिंतीवर लावतो, त्यांनी काय केले होते? पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. सभासदत्व विचारून नव्हे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. आज ते दोघे हॉलच्या दाराशी आले, तर पंच त्यांना काय सांगणार आहेत?

आपल्या अंकातून माझी सर्वच मंडळ्यांच्या पंचांना विनंती आहे. गाळप हंगाम अजून काही महिने चालेल. ज्यांच्या आवाराजवळ कोप्या आहेत, त्यांनी हॉल संध्याकाळी उघडावा. शिकवायचे ते जिल्हा परिषद शाळेच्या पुस्तकातलेच, अक्षरे आणि गणित. धर्माचा पाठ नको, प्रार्थनाही नको. ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवावे, दार उघडे ठेवावे, मुलांच्या आईबापांना आणि गावातल्या कोणालाही येऊन बसता यावे. आमच्याकडे शिकवायला मी तयार आहे, आणखी दोन निवृत्त शिक्षिकांनी होकार दिला आहे. फरशीवर घालायला सतरंज्या आम्ही घरून आणू.

एक निवृत्त शिक्षिका, जि. अहिल्यानगर